राणीच्या मापाचा पट्टा

प्रिय सरकार,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू मनात म्हणाली असशील, यांचा फोन बंद पडला की काय. फोन ठणठणीत आहे. पण तुमच्याकडे तो कायम स्पीकरवर असतो. मी हॅलो म्हणायच्या आत पोरगी, जावई, त्याची आई आणि आपला नातू असे सगळे कान टवकारून बसतात, आणि त्यात खरं लक्ष देऊन ऐकणारा एकटा नातूच. मला जे सांगायचं आहे ते तुला एकटीला सांगायचं आहे. पोरीला एवढ्यात कळू देऊ नकोस. तिची अर्धी झोप बाळाने खाल्ली आहे, उरलेली मी कशाला खाऊ? आणि अक्षर वाकडं आहे म्हणून दचकू नकोस. डोकं ठिकाणावर आहे, हात नाही. उजवा हात गेले काही आठवडे माझं ऐकेनासा झाला आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवलं. झालं, मुख्य गोष्ट सांगून टाकली. आता बसून वाच, उभ्याने वाचू नकोस. कामावरची आक्का मखमल चिकटवून बाहेर गेली आहे, गोंद वाळेपर्यंत मला दुसरं काम नाही.

हाताचं दुखणं हातात नसून मानेत आहे, त्यामुळे सुरुवात मानेपासून करावी लागेल. तू म्हणशील, झालं यांचं पुराण सुरू. होऊ दे. माणसाच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्याही मानेत सातच, फरक फक्त मापाचा. सगळ्यात वरचा मणका म्हणजे नुसतं एक कडं. त्यावर कवटी टेकलेली असते, आणि आपण मान खालीवर करून 'हो' म्हणतो ते कवटीच्या आणि त्या कड्याच्या सांध्यातून. दुसऱ्या मणक्याला वरच्या अंगाला एक खुंटी असते, ती कड्यात शिरते आणि तिच्याभोवती डोकं डावी-उजवीकडे फिरतं. 'नाही' म्हणायचं ते तिथून. तुझा हा खालचा सांधा लग्नापासून रोजच्या वापरात असल्यामुळे लोण्यासारखा फिरतो. वरच्यालाही कधीमधी काम देत जा, नाहीतर गंजेल.

हे मला कुणी शाळेत शिकवलेलं नाही, हे तू जाणतेसच. रद्दीच्या दुकानातून आणलेलं ते जाड पुस्तक, तू ज्याला मढ्यांचं पुस्तक म्हणतेस आणि ज्याला आपल्या स्वयंपाकघरात प्रवेश नाही, त्यातला हाडांचा आणि स्नायूंचा भाग मला तोंडपाठ आहे. नसांचा भाग मात्र कधीकाळी पाणी लागून विटेसारखा एकजीव झालेला आहे, पानं सुटतच नाहीत. तो मी वाचला नाही. गरजही पडली नाही, कारण मखमलीखाली नसा दिसत नाहीत.

माझ्या धंद्याबद्दल तुला मी काय सांगणार, पण राग आला की सांगितल्याशिवाय राहवतही नाही. दागिन्यांच्या दुकानाच्या काचेआड ज्या मखमली माना असतात, त्या करणारे या शहरात आणखीही आहेत. त्यांची मान म्हणजे खांद्यांवर उपडा ठेवलेला पेला. त्यावर हार अडकवला काय आणि टॉवेल वाळत घातला काय, सारखंच. मी कानामागून निघून गळ्याच्या खळगीपर्यंत तिरका उतरणारा स्नायू दाखवतो, खळगीच्या दोन्ही बाजूंची आडवी हाडं दाखवतो, आणि मागे, जिथे मान संपून पाठ सुरू होते तिथे, सातव्या मणक्याचं टेंगूळही काढतो. सराफ शेठ दर खेपेला म्हणतात, "अहो, मागची बाजू भिंतीकडे असते. ते टेंगूळ बघणार कोण, पाल?" मी सांगतो, पालीलाही चूक सापडता कामा नये. बसथांब्यावरच्या त्या बाईंचा विषय तू अजून उकरून काढतेस, पण माझा हेतू शुद्ध होता. त्यांचा डावा स्नायू खरोखरच रेखीव होता आणि मी तेवढंच म्हणालो. त्यांनी पर्स उगारली, तू मध्ये पडलीस आणि मला "अहो, जरा खाली बघायला शिका" म्हणालीस. खाली बघणं मला कधी जमलं नाही. हल्ली तर शरीरानेच जमेनासं झालं होतं, ते आता येतंच आहे.

तू पोरीकडे गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी करंगळी बधिर झाली. मग शेजारचं बोट. मला वाटलं, हातावर डोकं ठेवून झोपलो असेन. मग टाचण्या पडायला लागल्या. मखमल ताणून कडेला टाचण्या लावतो ना, त्या चिमटीतून सटकून टणटण फरशीवर. आक्का काही दिवस निमूट वेचत राहिली आणि मग म्हणाली, "साहेब, टाचण्या पेरताय का? या जमिनीत उगवायच्या नाहीत." मी तिला चष्म्याचा नंबर बदलल्याचं सांगितलं. पण एके दिवशी 'राणी'च्या मानेवर मागच्या बाजूला मखमलीला चुणी आली. राणी म्हणजे आपला सगळ्यात मागणी असलेला साचा; लांब मान, हनुवटीचा रोख वर, मान किंचित मागे, जणू समोरच्याची ओळख आहे पण दाखवायची नाही. हार त्यावर जितका खुलतो तितका दुसऱ्या कशावर खुलत नाही. इतक्या वर्षांत राणीला चुणी पडली नव्हती. आक्काने ती बघितली, मी बघितली, आणि आम्ही दोघांनीही ती बघितली नाही असं ठरवलं. मला दुसरं काही येत नाही गं. हा हात गेला तर मी नुसता मतं असलेला माणूस उरेन, आणि तसे घरोघरी आहेत.

मान अवघडलेली होतीच, म्हणून मी स्वतःच निदान केलं: मानेला आधार हवा. औषधांच्या दुकानात मिळणारा पट्टा जाऊन पाहिला. आजारी बिस्किटासारखा रंग, शिवण नागमोडी, आणि कड अशी की गळ्याला रोज घासणार. दुकानदाराला मी ते दाखवलं तर तो म्हणाला, "काका, हा मिरवायला नसतो." मला काका म्हणाला! मी घरी आलो आणि स्वतः पट्टा केला. फोम कापला, आतून मऊ सुती कापड लावलं, बाहेरून उरलेली गडद लाल मखमल, मागे बंद. कागदाचा नमुनासुद्धा काढावा लागला नाही. हाताला सवय आहे, कात्री आपोआप फिरली. गळ्यात घातला तर थोडा घट्ट, पण काय सांगू! हनुवटी वर, मान मागे, नजर सरळ समोरच्या माणसाच्या डोक्यावरून पार. आरशात बघितलं आणि क्षणभर मलाच मला नमस्कार करावासा वाटला. लग्नाच्या फोटोत मी असा दिसलो असतो तर तुझ्या भावांनी मला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो केलं असतं.

रस्त्यात लोक बाजूला होऊन वाट द्यायला लागले. ती माझ्या रुबाबामुळे देतात असं मी समजत होतो. आक्काचं म्हणणं, मला पायाखालचं दिसत नसल्यामुळे लोक जीव वाचवत होते. सराफ शेठनी पट्टा निरखून बघितला आणि विचारलं, "याच्यावर एखादं पेंडंट लावून बघायचं का?" मी नको म्हणालो, पण लगेच नाही म्हणालो, हेही खरं. आणि तुमचे ते व्हिडिओ कॉल. पट्टा झाकायला मी वरून मफलर गुंडाळायचो आणि घसा बसलाय म्हणून सांगायचो. पोरगी म्हणायची, "बाबा, तुमच्या नुसत्या नाकपुड्या दिसतायत, जरा खाली बघा ना." मी म्हणायचो, फोन उंचावर ठेव म्हणजे दिसेन. मग तुझ्या हुकमावरून कॅमेऱ्यासमोर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. ठणठणीत घसा असलेल्या माणसाने, मान आधीच मागे असलेल्या अवस्थेत, रोज गुळण्या करणं हे किती अवघड असतं याची तुला कल्पना नाही. एकदा सगळं पाणी मफलरमध्ये गेलं तेव्हा तू म्हणालीस, "बघा, आता कसं मोकळं वाटतंय."

मोकळं काही वाटत नव्हतं. पट्टा लावल्यापासून हात सुधारायच्या ऐवजी बिघडत चालला. शर्टाची बटणं लावायला इतका वेळ लागायला लागला की मी ती रात्री काढणंच बंद केलं आणि शर्ट डोक्यावरून घालायला लागलो. मग चालताना पाय कापसावर पडल्यासारखे वाटायला लागले. एकदा चप्पल पायातून निघून मागे राहिली आणि मला पत्ताच नाही. मी अर्धी गल्ली एका चपलेवर, मान वर करून, राजासारखा चालत गेलो. आक्का ती चप्पल हातात घेऊन मागून आली आणि भर रस्त्यात म्हणाली, "साहेब, आता एक तर डॉक्टरकडे चला, नाहीतर वहिनींना मी फोन लावते आणि गुळण्यांचं सगळं सांगते." मी डॉक्टरकडे गेलो. दोन्हीतलं कमी धोक्याचं तेच होतं.

मणक्यांची डॉक्टर म्हणजे आपल्या पोरीच्या वयाची मुलगी. तीही काका म्हणाली. आता मी त्या लढाईत शस्त्रं टाकली आहेत. तिने माझ्या दोन बोटांच्या मध्ये एक कागद धरायला दिला आणि सहज ओढून घेतला. मी म्हणालो, बेसावध होतो. तिने पुन्हा दिला, मी दात-ओठ खाऊन धरला, तिने पुन्हा ओढून घेतला, जसा लहान मुलाच्या हातातून घ्यावा तसा. मग मला एका नळकांड्यात घालून आतून फोटो काढले. आपली मान मी आतून पहिल्यांदाच बघितली. खरं सांगतो, वाईट वाटलं. असला माल मी साच्याबाहेर पडू दिला नसता. मणक्यांच्या मधल्या गाद्या दबून बाहेर आलेल्या, कडांना हाडाचे काटे फुटलेले, आणि मधून जाणारा मज्जारज्जू एका जागी पार चिमटलेला. डॉक्टर म्हणाली, "रज्जू दाबला जातोय, काका. आणि करंगळीची तक्रार आहे ती आठव्या नसेची."

इथे मला जोर चढला. मी आक्काकडे एक नजर टाकली, म्हणजे टाकायचा प्रयत्न केला, आणि डॉक्टरला म्हणालो, "बाई, मानेत मणकेच सात. आठवी नस आली कुठून, पाहुणी म्हणून?" आक्काची छाती अभिमानाने फुगली, मला जाणवलं. डॉक्टर रागावली नाही. तिने टेबलावरचा प्लास्टिकचा मणका माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते. मग सातव्याच्या खालून निघेल ती कितवी? मोजा." मी वरून मोजल्या. आठ. चष्मा पुसून खालून मोजल्या. आठ. आक्का हळूच म्हणाली, "साहेब, अजून एकदा मोजा, नऊ व्हायच्या." सरकार, पाणी लागून चिकटलेली ती पानं! सगळी चूक नेमकी त्या विटेत होती, आणि मी इतकी वर्षं ते पुस्तक पाठ आहे म्हणून सांगत फिरलो.

पण खरा दणका पुढे बसला. तिने माझ्या गळ्यातला पट्टा सोडवला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हा कुणी केला?" मी म्हणालो, मी. "सुंदर काम आहे," ती म्हणाली, "पण हा केला कशासाठी?" असा प्रश्न मला माझ्या कामाबद्दल आजवर कुणी विचारला नव्हता. मी आधारासाठी म्हणालो. तिने तो प्लास्टिकचा मणका हातात घेऊन मागे वाकवला आणि आतला बोगदा दाखवला. मान मागे गेली की तो अरुंद होतो. ज्याचा रज्जू आधीच चिमटलेला आहे त्याने हनुवटी वर करून फिरायचं नसतं, आणि माझा पट्टा दिवसभर नेमकं तेच करून घेत होता. मानेला आधार द्यायच्या ऐवजी रज्जूला आवळत होता. मी म्हणालो, पण माप तर बरोबर घेतलं होतं. तेवढ्यात आक्काने पट्टा उचलला, पुढची उंची वीत लावून बघितली आणि बोलून गेली, "अहो साहेब, हे तर राणीचं माप!" मी बघितलं. तिच्या म्हणण्यात तसूभर चूक नव्हती. माझ्या आखूड, जाड, चारचौघांसारख्या मानेवर मी राणीचा पट्टा चढवून हिंडत होतो. आयुष्यभर एकच मान सुंदर म्हणून कापत आलो, आणि कात्रीला माझी वेगळी असेल हे सुचलंच नाही. डॉक्टरने मला तो बिस्किटाच्या रंगाचा पट्टा दिला, पुढे बसका. आता मला माझे पाय दिसतात. चपलांची जोडी आहे याची खात्री करून मगच निघतो.

आता औषधाने भागणार नाही, ऑपरेशन करायचं आहे. मी विचारलं, हात परत येईल का? ती गोड बोलणारी नाही, ते मला आवडलं. म्हणाली, "आहे तेवढा वाचवायला करायचं, काका. गेलेल्यातला किती परत येईल ते आज सांगता येत नाही. पण थांबलात तर आहे तोही जाईल." मानेच्या पुढून जातात, गळ्याला छोटासा छेद, श्वासनलिका आणि अन्ननलिका हलकेच एका बाजूला सरकवून मागच्या मणक्यांपर्यंत. गाद्या काढून तिथे आधार बसवतात. मी म्हणालो, छेद गळ्याच्या घडीतच घ्या, म्हणजे व्रण दिसत नाही. ती म्हणाली, "आम्ही तिथेच घेतो." त्या एका वाक्याने माझा तिच्यावर विश्वास बसला. तिला काम कळतं.

इकडचं सगळं मी लावून ठेवलं आहे. सराफ शेठना माना उशिरा मिळतील म्हणून सांगितलं. आक्का दवाखान्यात बाहेर बसेल म्हणाली, डबाही आणेल. तू गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, बाळाने मान धरली की परत येईन, तोवर मला बोलवू नका. ते माझ्या लक्षात आहे. परवाच्या कॉलमध्ये त्याला तुम्ही पालथं ठेवलं होतंत. मी तुम्हा कुणाकडेच बघत नव्हतो, त्याच्याकडेच बघत होतो. त्याने डोकं उचललं, ते डुगडुगलं, नाकावर आपटलं, तो चिडला आणि पुन्हा उचललं. अजून धरलेली नाही, पण पठ्ठ्या धरणार, चिकाटीचा आहे. तुझं तिथे काम आहे हे मला दिसत होतं.

म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं ते तुला 'येऊ नकोस' असं सांगण्यासाठी. वाक्य तयार होतं: पुढच्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे, किरकोळ आहे, आक्का आहे, तू बाळाला सोडून धावत येऊ नकोस. आक्कालाही ते वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "छान आहे, आता खरं काय ते लिहा." तर खरं असं आहे की मी फार घाबरलो आहे. भूल देताना कुणाकडे बघायचं हे मला कळत नाही आणि ते कुठल्याही पुस्तकात नाही. बाळाकडे पोरगी आहे, जावई आहे, त्याची आई आहे. माझ्याकडे गुरुवारी तू पाहिजेस. बुधवारपर्यंत ये. पोरीला काय सांगायचं ते तू ठरव, मला ते जमणार नाही. आणि तुझा फायदाही सांगून ठेवतो: डॉक्टर म्हणते, त्या बाजूची नस दुखावते म्हणून नंतर काही दिवस माझा आवाज बसलेला असेल, या वेळी खराखुरा. म्हणजे तू लपवाछपवीबद्दल मला मनसोक्त बोलशील, आणि मी मधे एक शब्दही दुरुस्त करू शकणार नाही. अशी संधी तुला पुन्हा मिळायची नाही. ये.

तुझाच,
बुधवारी फाटकापाशी उभा असलेला